समोरच्याची खुर्ची

अण्णा गेल्याचं मला रोह्याच्या कोर्टात कळलं. आमच्या दाव्याचा पुकारा व्हायचा होता, मी बाररूमच्या दारात उभी होते, आणि पेणहून फोन आला. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मनात काय यावं? आता पुढची तारीख मागताना काय कारण सांगायचं, ते अण्णांना विचारायला हवं... माणूस गेल्याचं डोक्यात शिरायला वेळ लागतो, एवढंच मला त्या दिवशी कळलं.

दामूअण्णा पेणचे वकील आणि मी त्यांची ज्युनिअर. माझे वडील धाटावला कंपनीत शिफ्ट करणारे. घरात काळा कोट घालणारी मी पहिलीच. पहिल्या दिवशी ऑफिसात भिंतीकडची लाकडी खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसले, तर अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, "ऊठ गो. ती समोरच्याची खुर्ची हाय." मला वाटलं, कोणी यायचं असेल. मग हळूहळू त्यांची रीत कळली. पक्षकाराचं सांगून झालं की अण्णा त्याला उठवून त्या खुर्चीत बसवायचे. आता तुझा विरोधक हो आणि त्याच्या तोंडून बोल. त्याशिवाय ते दावा लिहायला घेत नसत. काही जण चिडायचे, काही तिथूनच उठून घरी जायचे, आणि मी मनात म्हणायचे, हातचा पक्षकार घालवायचा हा कसला धंदा.

धरमतरच्या खाडीकडचे नारायणदादा मात्र त्या खुर्चीला पुरून उरले. बांधाच्या आत त्यांचं भातशेत, आणि लागूनच धाकट्या भावाचं, जनार्दनचं, मिठागर. खाडीचं पाणी आत घ्यायची बांधातली उघाडी एकाला बंद हवी, तर दुसऱ्याला उघडी. खाऱ्या पाण्यावर मीठ पिकतं आणि त्याच पाण्यानं भात मरतो. नारायणदादा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी जनार्दन. मी चोर हाय. झालं." अण्णा पोट धरून हसले, आणि दावा लिहिला.

अण्णांच्या तेराव्याला जनार्दन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वकीलसाहेब माझ्याकडं यायचे. बांधावर बसायचे. बोलायचे, आता तू नारायण हो नि बोल." मी गारच पडले. विरुद्ध बाजूच्या माणसाला, त्याच्या वकिलाला न कळवता आणि आपल्या पक्षकाराला न सांगता भेटायचं? हे करू नये, असं मला शिकवलं ते अण्णांनीच.

"आणि मग काय म्हणायचे?"

"म्हणायचे, तुझं बी खरं हाय."

तेराव्याच्या पानावर बसले. गेलेल्या माणसाचा राग आला, त्या रागाची लाज वाटली, आणि पुन्हा राग आला. अण्णा भांडण मिटवायला जात होते की आपल्याच पक्षकाराला फितूर झाले होते? एकदा वाटतं हे, एकदा ते. ज्यांना विचारून माझे गोंधळ सुटायचे, तेच आता गोंधळ होऊन बसलेत.

गेल्या आठवड्यात नारायणदादा ऑफिसात आले. दावा मी पुढे चालवायचा तर माझ्या नावाचं वकीलपत्र हवं. कागद पुढे केला, आणि मग राहवेना. त्यांचा हक्कच होता. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हे फाइल उचलून दुसऱ्या वकिलाकडे जाणार आणि जाताना अण्णांना शिव्या घालणार. त्यांनी फाइलीला हातही लावला नाही.

"म्याडम, साहेब आमचे व्हते का त्याचे?"

"मला नाही माहीत, दादा."

ते उठले. दाराकडे न जाता भिंतीकडे गेले आणि त्या लाकडी खुर्चीत बसले. मी काही सांगितलं नव्हतं.

"मी जनार्दन," म्हणाले, आणि थांबले... "वकीलसाहेब बांधावर आले. मना बोलले, नारायण हो. मी झालो. तवा दादाच्या शेतात मीठ फुटलेलं मना दिसलं..." काय करावं ते न सुचून मी पेन पुढे केलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं.

"सहीचं मागनं बघू, म्याडम. जनार्दनचं बोलून झालं नाय."