अकरा दिवसांची भरपाई

जठारपेठेत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातले पंप जळले की लोक माझ्याकडे आणतात. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका शेतकऱ्याची मोटार मी दुरुस्त केली, स्वतः जाऊन त्याच्या विहिरीत सोडली, आणि पंधरा दिवसांनी ती गायब झाली. वर नुसती तुटकी केबल लोंबत होती. मोटारीला शेवटचा हात लावणारा मी, म्हणून पोलीस मलाच न्यायला आले. अकरा दिवस अमरावतीच्या जेलात काढले, मग जामीन मिळाला.

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि मोटार दिसली. दोर तुटून गाळात रुतून बसली होती. शेतकऱ्यानंच फोन केला, "मिस्त्री, चोर सापडला. विहीर निंगाली!"

मला हसू आलं नाही.

सरकारी वकिलानं खटला मागे घेतला. आता विसरून जा, असं बायको म्हणे. पण दुकानात येणारं गिऱ्हाईक माझ्या हाती मोटार देण्याआधी तिच्या नंबरपट्टीचा फोटो काढू लागलं होतं. ते मला फार झोंबे. म्हणून मी अमरावतीला जाऊन नुकसानभरपाईचा अर्ज टाकला.

ऑफिसातल्या बाबूनं कागद चाळले. "जेलच्या दाखल्यात वय सव्वीस लिवलं हाय. तुमी तर साठीचे दिसता."

"बासष्ट. त्यायनं चुकीचं लिवलं."

"मंग जेलात होते ते तुमी नाही."

"अन् मी कुठी होतो अकरा दिवस?"

"ते तुमी सांगा ना बाप्पा."

ओळख पटवायला सरकारी माणूस हवा होता. मला एकच सरकारी माणूस ओळखत होता, ज्यानं मला पकडलं तो हवालदार. गेलो त्याच्याकडे. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, ‘सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो. मीच त्यास अटक केली होती.’ मग हळूच म्हणाला, "मिस्त्री, घरचा कूलर लय आवाज करून राहिला. पाहता काय?"

मी पाहिला. का पाहिला, ते आजही मला सांगता येत नाही.

पुढे बाबूनं चारित्र्याचा दाखला मागितला. त्याच हवालदाराच्या ठाण्यात गेलो, तर कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढे चोरीचा गुन्हा तसाच होता.

"तो मागं घेतला, म्हणून तर भरपाई मागून राहिलो," मी म्हणालो.

"भरपाई भेटली की या. मंग दाखला देतो."

"दाखल्याबिगर भरपाई भेटत नाही जी!"

शेवटी हवालदारानंच कागद ओढून लिहिलं, ‘सध्या चारित्र्य बरे.’

सुनावणीला बायकोला सोबत नेलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी जेलचं रजिस्टर मागवलं होतं. त्यात कैद्याचं वजन आत येताना आणि बाहेर जाताना लिहितात. माझं दीड किलोनं वाढलेलं.

"प्रकृती तर सुधारली तुमची," साहेब म्हणाले.

"साहेब, दिवसभर भिंतीकडे पाहत बसलो होतो. जीव सारखा खालीवर व्हायचा."

त्यांनी पान उलटून पाहिलं. "जिवाची नोंद नाही यात."

अर्ज फेटाळला.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. एवढे हेलपाटे घातले, एकाच्या घरचा कूलरसुद्धा नीट करून आलो, आणि हाती काय, तर वजन. बायको ऑर्डर वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे पाहा. ‘अर्जदार निर्दोष असला तरी.’ लिवलं तर हाय की."

"असला तरी म्हंजे काय?"

"म्हंजे हाय," ती म्हणाली.

मी कागद घेतला आणि ती ओळ दोनदा वाचली. खाली साहेबांची सही होती, गोल शिक्का होता. कागदाची घडी करून मी खिशात ठेवली. मूर्तिजापूर आलं तेव्हा तिनं डबा उघडला. मला कडकडून भूक लागली होती.