पूजेत बसलेलं दाभण

खंडेनवमीच्या सकाळी पूजेसाठी हत्यारं काढायला मी खुंटीवरची पिशवी उचलली आणि तिचा तळ उसवला. कानशी, छिन्न्या, पाने सगळं माझ्या पायावर. शिंप्याच्या नावानं मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दसऱ्याच्या गर्दीत त्यानं जाड खाकी कापडाला सदऱ्याचा दोरा वापरला होता आणि टाके असे लांब घातले होते की मधून करंगळी जावी. मोच्याकडून शिवून घे असं आई सांगत होती, ते मी ऐकलं नव्हतं. तेही तिनं लगेच ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फिटरच्या परीक्षेला जायचं होतं. हत्यारं स्वतःची आणा, असा तिथल्या गोऱ्या साहेबाचा निरोप होता. त्याला दसरा काय कळणार. ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारी करून मी विटलो होतो, आणि ही नोकरी कायमची होती. हत्यारं गाठोड्यात बांधून न्यावीत, तर त्यात पिशवीसारखे कप्पे नाहीत, आमच्या चिखलीपासूनच्या गाडीवाटेवर सायकलच्या हादऱ्यांनी कानशी एकमेकींवर घासून बोथट होणार. पिशवी त्याच दिवशी शिवणं भाग होतं.

मी आईकडे दाभण मागितलं. तिनं देव्हाऱ्यापुढे बोट दाखवलं. पाटावर नांगराचा फाळ, कोयता, विळी, कात्री आणि त्यांच्या शेजारी हळदकुंकू लावून झेंडूच्या फुलाखाली दाभण. साधी सुईसुद्धा तिथंच. माझी हत्यारंही तिनं उचलून मांडली. उद्या उजाडताना दिवा लावून सगळं उचलू, तोवर कशाला हात लावायचा नाही.

मी मोच्याकडे गेलो. त्याची आरी आणि रापीही फुलांखाली, आणि तो स्वतः न्हाऊनधुऊन ओट्यावर बसलेला. उद्या ये म्हणाला. शेजारपाजारी विचारलं, तर गावातली एकूण एक सुई त्या दिवशी देव होऊन बसली होती. माझं डोकं सणकलं. घरी येऊन मी आईला म्हणालो, "आये, नोकरी गेली तर तुझं दाभण जेवायला घालनार हाय का मला?"

"आज न्हाई," ती म्हणाली. "वर्षभर राबतंय ते. एक दिस बसू दे."

शेवटी रागारागानं बांधावर गेलो आणि बाभळीचे लांब काटे मोडून आणले. काटा काही हत्यार नाही, त्याला कोण अडवणार. सुतळीचा एक पदर सोडवून तेलात ओढला, काट्यानं भोक पाडायचं आणि ओला पदर बोटांनी पिळून त्यातून ढकलायचा. दोन टाक्यांत पहिला काटा मोडला. पुढचा माझ्या बोटात मोडला. कात्री पूजेत म्हणून सुतळी दातांनी तोडली. विळी पूजेत म्हणून दुपारी पिठलं, तेही कांद्याशिवाय. आई समोर बसून टाका मागे घे, पदर ताण, असं सांगत होती, आणि मला तिचा इतका संताप येत होता की पिशवी तिच्याच पुढ्यात टाकून उठावंसं वाटत होतं. उठलो नाही, कारण ती सांगत होती ते बरोबर होतं.

दिवस कलला तेव्हा तळ बसला. वाकडातिकडा, पण ओढून पाहिला तर हलला नाही. आईनं पिशवी घेतली, तिला कुंकू लावलं आणि पाटावर ठेवली. मग शेवटचा न मोडलेला काटा उचलला, त्यालाही हळदकुंकू लावलं आणि दाभणाशेजारी मांडला.

"त्यो कशाला?" मी विचारलं.

"आज काम त्यानंच केलं. हत्यारच की त्ये."

म्हणजे तिच्याच हिशेबानं मी दिवसभर हत्यार चालवलं होतं. मी कपाळावर हात मारला. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा लोखंड कापणं सोपं.

दसऱ्याला साहेबासमोर कानस काढायला पिशवीत हात घातला तर अंगठ्यात काहीतरी कचकन शिरलं. तो काटा. पूजेतली हत्यारं भरताना तिनं तोही भरला होता. मनातल्या मनात तिच्यावर चरफडत, अंगठा चोखत मी दिलेला लोखंडाचा तुकडा घासून गुण्यात, अगदी काटकोनात, आणला. नोकरी मिळाली, आणि ती पिशवी मी निवृत्त होईपर्यंत त्याच टाक्यांवर टिकली.

आई गेली त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी हत्यारं मांडली, फुलं वाहिली, पण पाट काही भरल्यासारखा वाटेना. चिखलीत आता वर्कशॉपच वर्कशॉप, बाभूळ कुठली. भर उन्हात तिच्यावर चडफडत नदीपर्यंत हिंडलो आणि एक काटा घेऊन आलो. कुंकू लावताना तो बोटात शिरला. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.