शब्बीर मिस्तरीचा कान

तळोद्याच्या जीप स्टँडवर पूर्वी दिवसातून दोन-तीनदा चक्क शांतता पसरायची. आज कुणाला सांगितलं तर थाप वाटेल. शब्बीरचाचा एखाद्या गाडीचं चाक जॅकवर उचलायचे, हाताने गरकन फिरवायचे, स्क्रूड्रायव्हरचं टोक ड्रमवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. झालं! ड्रायव्हर इंजिनं बंद करायचे, चहावाला स्टोव्ह बारीक करायचा. माझे वडील अमरचंदशेठ, ज्यांना गिऱ्हाइकाशी बोलणं थांबवायचं जिवावर यायचं, तेसुद्धा गप्प बसायचे. आमचं स्पेअर पार्टचं दुकान चाचांच्या गॅरेजच्या अगदी समोर, त्यामुळे हा सोहळा मी लहानपणापासून फुकटात पाहिलाय.

जुन्या गाड्यांच्या ब्रेकचं असं असतं की चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमच्या आत दोन शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, बसवलेले असतात. पेडल दाबलं की ते पसरून ड्रमला घासतात. ते किती जवळ ठेवायचे हे मिस्तरीने ठरवायचं. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण फिरताना आतून अगदी बारीक 'सर्र' आलं पाहिजे, आणि चारही चाकांना सारखंच. नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. तळोद्याहून धडगावला चढणाऱ्या चांदसैलीच्या घाटात गाडी एका अंगाला ओढली तर काय होतं, ते सांगायला कुणी उरत नाही. चाचांचा 'सर्र' कधी चुकला नाही. डोंगरातले ड्रायव्हर म्हणूनच धडगावहून इथवर यायचे.

दलसिंग त्यांतला सगळ्यात जुना. धडगावच्या पलीकडल्या पाड्यावरचा पावरा, साठी ओलांडलेला. त्याची पिकअप तीस वर्षांची. तिच्यातून आमचूरची पोती येत आणि पोत्यांवर बसून माणसं. काठी गावच्या होळीला तर त्या गाडीत माणसं किती आणि मोरपिसं किती हे मोजता येत नसे. ब्रेकला चाचांशिवाय दुसऱ्या कुणाचा हात त्याने लागू दिला नव्हता. घरी पावरी बोलणारा हा माणूस बाजारात आमची अहिराणी झोकात बोलायचा, आणि दोघं म्हातारे एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय चहा प्यायचे नाहीत.

आता मुद्द्याचं, आणि ते मला सुखाने सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या एका बाजारच्या दिवशी चाचा असेच डोळे मिटून ड्रम ऐकत होते. स्टँड चिडीचूप. तेवढ्यात माझ्या माणसाच्या हातून स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांचा अख्खा संच चाचांच्या पाठीमागे फरशीवर पडला. सगळे दचकले. चाचांची पापणीही हलली नाही. मी गादीवर बसल्या बसल्या समजलो की हा माणूस काहीच ऐकत नाहीये, आणि सगळं स्टँड एका बहिऱ्यासाठी श्वास रोखून बसलंय. मी कुणाला बोललो नाही. चाचांची इज्जत राखतोय असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मी भित्रा निघालो.

समोरच्याचे ओठ बघून चाचा बोलणं ओळखायचे, आणि हाताच्या अंदाजाने ब्रेक लावत राहिले. हातालाही बरंच कळतं, पण शेवटचा केसभर फरक कानाचाच. गेल्या पावसाळ्यानंतर दलसिंग सहज बोलून गेला, "मिस्तरी, गाडी जरा डावीकडे वढस." चाचांनी पुन्हा लावून दिले. पंधरा दिवसांनी तो पुन्हा तेच म्हणाला. त्या दिवशी चाचा दुकानात आले आणि माझ्यासमोर बसले.

"रिषभ, दलसिंगनी गाडीले डिस्क बसाडनी शे. सामान आन."

डिस्क ब्रेकचा एवढा तिरस्कार करणारा माणूस मी पाहिला नव्हता. "पॅड काढा, पॅड घाला, मिस्तरी कसाले पाहिजे?" असं म्हणून माझ्या दुकानातल्या डिस्ककडे ते पाठ करून उभे राहायचे. पण डिस्कला कान लागत नाही. पॅड झिजले की पिस्टन आपोआप पुढे सरकतो. चाचांना हेच हवं होतं, फक्त दलसिंगला कारण न सांगता.

दलसिंग कसला ऐकतोय! पिकअप जॅकवर चढवलेली, आणि हा हसत म्हणाला, "कसाले? तुन्हा हातना ब्रेक शे ना. तीस वरीस व्हयनात, धक्का नही लागना."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "दलसिंग, माले ऐकू येत नही. दोन वरीस व्हई गयात. तुन्हा ड्रम मी अंदाजेच बांधी ऱ्हायनू."

स्टँडवर चार ड्रायव्हर उभे होते. सगळ्यांनी ऐकलं. दलसिंगचं हसू मावळायला जरा वेळ लागला.

"दोन वरीस? मन्ही गाडीमा मन्हीच सून बठस, शब्बीर. मांडीवर लेकरू लई बठस." मग तो ओरडला, "बसाड मंग, काय बसाडनं शे ते!" आणि गाडी तशीच सोडून दुसऱ्याच्या जीपने निघून गेला. त्या दिवशी चहा झाला नाही.

मी सुरतेहून नव्या मॉडेलचे पुढचे हब, डिस्क, कॅलिपर आणि बूस्टरसकट मास्टर सिलेंडर आणला. चाचांनी सगळं स्वतः बसवलं. मागचे ड्रम मात्र राहणार होते आणि ते कानानेच लावायचे, म्हणून त्यांनी बसस्टँडसमोरच्या गॅरेजवाल्या करणसिंगला बोलावलं. आयुष्यभर ज्याच्या कामाची टिंगल केली, त्याच्या हातात चाचांनी स्वतःचा स्क्रूड्रायव्हर दिला. करणसिंग बिचारा लाजून लाल झाला.

पुढचे जुने ड्रम चाचांनी रॉकेलने पुसून गोणपाटावर ठेवले. मला म्हणाले, "वाजाड." मी पान्याने ठोकलं. घुमणारा आवाज आला, लहानपणी रोज ऐकलेला. चाचांनी तळवा ड्रमवर ठेवला आणि लोखंडाची थरथर थांबेपर्यंत तसाच ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी उगाच पावती शोधू लागलो.

पुढच्या बाजाराला दलसिंग आला. गाडी फिरवून पाहिली. मग चाचांच्या दंडाला धरून म्हणाला, "बस." चाचांनी कुठे विचारलं तर म्हणाला, "वर." तेव्हा मला उमगलं की तीस वर्षं घाटासाठी ब्रेक लावणारा हा माणूस घाटात कधी गेलेलाच नाही. चाक फिरवून पाहिलं, गाडी गेली, विषय संपला. मीही शटर ओढून मागे चढलो.

वरच्या एका वळणावर दलसिंगने गाडी कडेला घेतली. चाचा उतरून कठड्यापाशी गेले आणि खाली पाहिलं. तेवढ्यात एक भरलेली पिकअप आमच्याजवळून उताराला लागली. मागे बाया, टोपल्या, एक पोर टोपल्यांवर उभं. चाचा ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मग मटकन खाली बसले.

"इतलं खोल शे?" ते म्हणाले. "माले कोनी सांगं नही, दलसिंग. इतलं खोल शे?" आणि मोठ्याने रडू लागले. सत्तरीचा माणूस असा रडतो तेव्हा कुठे बघावं कळत नाही. मला सांगायचं होतं की चाचा, मलाही ठाऊक होतं, मीही गप्प बसलो. तेव्हाही नाही सांगितलं.

दलसिंगचा राग गेलेला नव्हता. त्याने फक्त चाचांच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन सांगितलं, "ऊठ. खाले उतरनं शे. मन्हा संगे बठ." चाचांनी डोळे पुसले आणि पुढे, त्याच्या शेजारी बसले. सगळा घाट उतरेपर्यंत त्यांचे डोळे दलसिंगच्या पायावर होते. गाडी सरळ उतरली.

आता ब्रेकचं काम घेऊन कुणी आलं की चाचा आधी सांगतात, "माले ऐकू येत नही. ड्रमवाली गाडी करणसिंगकडे लई जा." मोठ्या आवाजात सांगतात, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं. मी समोरच गादीवर बसलेला असतो, आणि दर वेळी मान खाली घालतो.