अक्षयाचं प्रस्थान

अक्षयाच्या खिडक्यांना सध्या पडद्यांऐवजी वर्तमानपत्रं चिकटवलेली आहेत. पडदे वाटून टाकले, फ्रिज विकला, पलंगही गेला. सकाळ-संध्याकाळ ती दुधाचं पातेलं घेऊन आमच्याकडे येते, माझ्या फ्रिजमध्ये ठेवते आणि म्हणते, "काकू, भाडं लावा आता." आम्ही दोघी हसतो, पण तिचं हसू लवकर विरतं.

ती विट्याची. लग्न करून इकडे हरियाणात, मानेसरला आली तेव्हा हिंदीचा एक शब्द धड येत नव्हता. भाजीवाल्याशी मराठीतच भांडायची आणि जिंकायची. पुढे इथल्याच एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामाला लागली. भक्ती झाली, नंतर राजवीर झाला. राजवीरला माझ्या कडेवर देऊन ती कंपनीच्या बसमागे धावायची. आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, ही पोरगी पलटणीत असती तर सुभेदार झाली असती.

मग तिच्या नवऱ्याला, अनुरागला, त्याच्या कंपनीने कुटुंबासकट जर्मनीला पाठवायचं ठरवलं. अक्षयाने नोकरी सोडली. विट्याहून सासूबाईंनी पंचांग पाहून दिवस काढला. त्या दिवशी निघणं काही जमत नव्हतं, म्हणून त्यांनी प्रस्थान ठेवायला सांगितलं. आपल्याकडची जुनी रीत ही. मुहूर्तावर निघता येत नसेल, तर सोबत न्यायची एखादी वस्तू तांदूळ-सुपारीबरोबर कापडात बांधायची आणि जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस निघाल्यासारखंच. मात्र ते गाठोडं मधे सोडायचं नाही, परत घरी न्यायचं नाही. निघताना थेट उचलायचं.

पश्चिमेला मराठी घर आमचंच. माझ्या देवघराशेजारी गाठोडं ठेवलं. भक्तीने विचारलं, "काकू, प्रस्थान म्हणजे आमचं लगेज का?" मी म्हटलं, "हो बाळा, तेवढं पुढे गेलंय."

त्यात अक्षयाने चौघांचा एकेक रुमाल बांधला आणि भक्तीचा शाळा सोडल्याचा दाखला. तिकडच्या शाळेत लागणारा कागद, तो दत्तगुरूंच्या नजरेखाली असू दे, म्हणाली. मलाही ते पटलं.

अनुराग पुढे गेला. ही तिघं गाठोडं घेऊन मागोमाग जाणार होती, ती अजून इथेच आहेत. कुटुंबाला व्हिसा हवा तर तिथे पुरेसं मोठं घर दाखवावं लागतं. घर मागायला गेलं की घरमालक विचारतात, कुटुंब कुठाय? पत्ता नाही म्हणून भक्तीला तिकडची शाळा नाही. राजवीरच्या पाळणाघराचं तर विचारूच नका, तिथे बायका पोटुशा असतानाच नाव घालून ठेवतात म्हणे. या सगळ्यासाठी कंपनीने तनया नावाची एक मुलगी नेमली आहे. ती फोनवर गोड आवाजात सांगते, "मॅम, इट्स इन प्रोसेस." आता राजवीरसुद्धा जेवायला बोलावलं की म्हणतो, "इन प्रोसेस."

भक्तीला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. तिने खिडकीवरचा कागद डोळ्याएवढा फाडला होता. शाळेची बस आली की तिथून बघत बसायची.

परवा अक्षया शाळेत गेली. तिथले क्लार्क म्हणाले, "बच्ची की सीट अभी भरी नहीं है. ओरिजिनल टीसी लौटा दीजिए, नाम फिर चढ़ा देंगे. नहीं तो सोमवार को वेटिंग वालों को दे देंगे."

टीसी म्हणजे तोच दाखला. ती तिथून थेट माझ्याकडे आली आणि गाठोड्यासमोर बसली. सासूबाईंना फोन लावला.

"सोडलंस तर जाणं मोडलं बघ," त्या म्हणाल्या. "पोरीच्या शाळेचं एवढंच असेल तर इकडं या. हितं काय शाळा न्हाईत?"

"थोडे दिवसच ना, आई?"

"थोडेच की."

तिने फोन ठेवला. तिची मोठी जाऊ अशीच थोड्या दिवसांसाठी विट्याला गेली होती, नवरा मस्कतला होता म्हणून. नवरा अजून मस्कतलाच आहे आणि तिचा मुलगा यंदा दहावीला आहे.

"काकू, तुम्ही सांगा. सोडू?"

"मला विचारू नकोस. मी नको म्हणेन."

"माहितीये," ती म्हणाली. "कुणीतरी एकदा हो म्हणावं, एवढंच वाटतंय."

माझ्या तोंडून हो निघालं नाही. देवाचं करण्यात जन्म गेला माझा, प्रस्थान सोडायला कसं सांगू? पण तिचा हातही मी धरला नाही. गाठ सुटेना, शेवटी तिने ती दातांनी सोडवली. तांदूळ सांडले ते राजवीर वेचत बसला. दाखल्याच्या कोपऱ्याला हळद लागली होती.

शाळेत क्लार्कनी तो उलटसुलट करून पाहिला. "ये क्या लगा है, मैडम?"

"हल्दी है. शुभ होती है."

"अच्छा," ते म्हणाले आणि नाव चढवलं. "लेकिन अब साल खत्म होने तक टीसी नहीं मिलेगी."

संध्याकाळी अनुरागचा फोन आला. मी मेथी निवडत शेजारीच होते.

"म्हणजे आता व्हिसा आला तरी मार्चपर्यंत नाही?"

"नाही."

"तुला यायचंच नाहीये का?"

"यायचंय रे. पण तोवर भक्तीने खिडकीत बसून राहायचं का?"

 सासूबाईंनाही तिने स्वतःच सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, त्यानंतर त्यांचा फोन नाही.

भक्ती आता बसने जाते. मी रोज निरांजन लावते, पण या चौघांसाठी मागायचं काय ते कळत नाही. लवकर जाऊ दे म्हणावं तर शाळा सुटते, राहू दे म्हणावं तर संसार दोन मुलखांत.

आणि राहायचं तरी कुठे? इथलं घर सोडणार म्हणून अक्षयाने घरमालकाला केव्हाच कळवून टाकलं होतं. आज तो एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. अक्षयाने राजवीरला कडेवर घेऊन त्यांना सगळं दाखवलं, नळाला पाणी कधी येतं, ऊन कुठल्या खोलीत येतं, तेही सांगितलं.

"आप लोग कब निकल रहे हैं?" त्या बाईने विचारलं.

अक्षयाने घरमालकाकडे पाहिलं, मग रिकाम्या खोलीकडे.

"बता देंगे," ती म्हणाली.