पणजोबांची वही आणि माझा वाघ

सिंगापुरात आम्ही राहतो त्या सेंगकांगची एलआरटी, म्हणजे छोटी लोकल, गोल फिरते. स्टेशनातून निघते, बिल्डिंगींच्या मधून वळसा घालते आणि परत त्याच स्टेशनात येते. आत ड्रायव्हर नसतो. त्या बुधवारी दुपारी मी तिच्यात फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या, कारण घरी जायची छाती होत नव्हती. घरी माझी अकरा वर्षांची नात होती. दुसऱ्या दिवशी तिला वर्गासमोर उभं राहून माझ्या पणजोबांबद्दल बोलायचं होतं. तिने जे पाठ केलं होतं ते मी सांगितलेलं, आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त मी बनवलेलं.

आधी माझी लायकी सांगतो. मी दुसरी नापास, कोकणातल्या खाडीकाठचा. चाळीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी होतो. कुठल्या कुठल्या बंदरांत उतरलो, पण एकाही बंदराची पाटी वाचता आली नाही. सगळी भिस्त चित्रावर. संडासाच्या दारावरच्या चित्राचा रंग उडालेला असला की माझी फजिती ठरलेली. मुलगा मात्र शिकला. रॅफल्स प्लेसला बँकेत आहे. बायको गेल्यावर त्याने मला इथे आणलं. मी भाजी निवडतो, नातीला शाळेतून आणतो आणि थापा मारतो. तिसऱ्या कामात मला तोड नाही.

आणि असल्या माणसाचा पणजोबा कोण? मौलवी. इंग्रजांच्या काळातला, चार भाषा येणारा. मशिदीच्या पडवीत त्याने शाळा काढली. कुराणाबरोबर हिशेब शिकवायचा, भूगोल शिकवायचा, मराठीसुद्धा. गावातले म्हातारे म्हणायचे, मौलवी बिघडला. त्याची एक गोष्ट मला पक्की माहीत आहे, कारण ती आमच्या घरात माझ्यापर्यंत चालत आली. आमच्यात पोर चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याची बिस्मिल्ला करतात. म्हणजे पहिला धडा. नवे कपडे, लाडू, मौलवी सांगेल ते मागून म्हणायचं. पणजोबाचा नियम होता, पोराची बिस्मिल्ला करीन, पण शेजारी बहीण बसली तर. बहीण नसेल तर शेजारची पोरगी आणा.

माझ्या बिस्मिल्लाला माझी बहीण, आपा बसली. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, तिची आधीच झालेली. मी एक शब्द म्हणालो आणि लाडवाकडे हात नेला. पुढचं सगळं आपाने म्हटलं. ती उर्दू शिकली, मराठी शिकली, गावातल्या बायकांची पत्रं लिहायला लागली. मी लाडूच खात राहिलो.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा पेटीतून पणजोबाची वही निघाली. मेणकापडात गुंडाळलेली, उर्दूतली. आपा म्हणाली, "बाकी काही नको, एवढी मला दे." मी म्हणालो, "वही मुलग्याकडे राहते." चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मला एकदाच मुलगा असल्यासारखं वाटायचं होतं. ती उठून आत गेली. तीस वर्षं झाली त्याला.

ती वही इथे सेंगकांगला माझ्या कपाटात. नात लहान असल्यापासून मी ती मांडीवर उघडायचो, ओळींवरून बोट फिरवायचो आणि "वाचायचो". पणजोबा शाळेला निघाला आणि वाटेत वाघ. पणजोबाने वाघाला अलिफ, बे, ते शिकवलं. इंग्रज कलेक्टर घोड्यावरून आला आणि पणजोबाने त्याला कोपऱ्यात उभं केलं. पोरगी हसून लोळायची. मला वाटलं, मोठी होईल, विसरेल. तिने ते सगळं शाळेत टीचरला सांगितलं. तिच्या प्रोजेक्टचं नाव काय, तर "माझा ग्रेट-ग्रेट-ग्रेट-ग्रँडफादर". इतके ग्रेट एका ओळीत ऐकून मी मोजणंच सोडलं.

मंगळवारी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. मला, आजोबाला, ती दादा म्हणते.

"दादा, हे वाघाचं पान ना?"

"हो."

"इथे सेम शब्द खालपर्यंत आहे. बघ. मी मोजले, सतरा. टायगर सतरा वेळा आला?"

"चिवट होता तो," मी म्हणालो.

"डोन्ट ब्लफ ला." इथली पोरं वाक्याला असं ला लावतात. मग म्हणाली, "मी हे पान स्क्रीनवर दाखवणार. उद्या तू वाच, मी रेकॉर्ड करते. अगदी लिहिलंय तसं."

रात्रभर पाय शिवशिवत होते. सकाळी त्या पानाचा फोटो काढला, दुपारी सुनेला म्हणालो दूध आणतो, आणि दूध न आणता एलआरटीत बसलो. पहिली फेरी विचारात गेली. दुसऱ्या फेरीत आपाला फोन लावला.

"आपा, एक पान वाचून देशील?"

"कसलं?"

"पणजोबाच्या वहीचं."



"मुलग्याकडे आहे ना वही? मग मुलग्याने वाचावी."

"मुलग्याला येत नाही वाचता."

"हे तुला आज कळलं?"

मी नातीचं सगळं सांगितलं. वाघ, कलेक्टर, सगळं. आपा म्हणाली, "गाढवा, पाठव फोटो," आणि फोन ठेवला.

तिसरी फेरी मी उभ्यानेच केली. प्रत्येक स्टेशनला दार उघडलं की वाटायचं उतरावं, मग वाटायचं उतरून कुठे जाणार. एका बाईने जागा दिली, मी बसलो आणि लगेच उठलो. तिला वाटलं असेल ह्याला कसला तरी आजार आहे.

आपाचा फोन आला.

"हजेरी आहे रे. शाळेची हजेरी. पोरांची नावं, पोरींची नावं, आणि जे आलं नाही त्याच्यापुढे तेच दोन शब्द. घरी गेलो."

"म्हणजे?"

"म्हणजे ते स्वतः जायचे. ऐक. 'घरी गेलो. ताप. उशाशी बसून धडा दिला.' 'घरी गेलो. होडीवर होता, आणलं.' एका पोरीचं आहे, 'घरी गेलो. बाप नाही म्हणाला. ओट्यावर बसून राहिलो.' दुसऱ्या दिवशी, 'घरी गेलो. बसून राहिलो.' तिसऱ्या दिवशी, 'आली.'"

"आणि वाघ?"

"कसला मेला वाघ!" मग ती खुदकन हसली. "आपला आजोबा आहे ह्यात. सगळ्यात जास्त गैरहजर तोच. 'घरी गेलो. माझाच मुलगा. फणसावर सापडला. उतरला नाही.'"

मी गाडीत एकटाच मोठ्याने हसलो. म्हणजे हा रोग माझा नव्हे, खानदानी होता!

आपा हसायची थांबली होती. म्हणाली, "मला हे तीस वर्षं वाचायचं होतं."

मी "आपा" म्हणालो. तिनेच फोन ठेवला.

चौथ्या फेरीत स्टेशनात दार उघडलं आणि नात आत आली. सुनेने फोनमध्ये बघितलं होतं मी कुठे आहे. "मम्मी म्हणते, दादाचा डॉट गोल गोल फिरतोय."

मी तिला सांगितलं. मला वाचता येत नाही, हे पहिल्यांदा सांगितलं. मग वाघाचं. मग कलेक्टरचं.

"ऑल फेक?"

"शाळा खरी. बिस्मिल्लाचं खरं."

"मी टीचरला सांगितलंय, दादा! सगळ्यांना सांगितलंय." तिचे डोळे भरले. ती उठून समोरच्या सीटवर बसली आणि खिडकीकडे तोंड केलं. मी आपाने वाचलेलं तिला तिथूनच सांगत राहिलो, जरा मोठ्याने. घरी गेलो. घरी गेलो. बसून राहिलो. गाडीतले दोन चिनी म्हातारे माझ्याकडे बघत होते. स्टेशन आलं. मी म्हणालो, "चल, उतरू." ती उतरली नाही. अजून एक अख्खी फेरी झाली. मला बसवेना, तिला हलवेना.

शेवटी तिने फोन काढला. "बोल. टायगर नव्हता, ते पण तूच बोल. मी नाही बोलणार."

पहिल्यांदा बोललो, तर मधेच वाघ आला. जीभ तिकडेच वळते. दुसऱ्यांदा वाघ नाही आला, पण कलेक्टर घोड्यावरून उतरायलाच लागला. "दादा!" ती ओरडली. तिसऱ्यांदा डोळे मिटून बोललो. मी ह्यांचा पणतू. मला वाचता येत नाही. वाघ मी बनवला. ही हजेरीची वही आहे, आणि ही माझ्या बहिणीने वाचली.

गुरुवारी तिने ते वर्गात लावलं, खाली इंग्रजीत लिहून. काय झालं ते मला नीट सांगत नाही. एवढंच म्हणाली, फणसाला सगळे हसले. अजून माझ्या कुठल्याही गोष्टीला "वाघ?" असं विचारते आणि मगच ऐकते.

मुलाचा मित्र पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला जातोय. आपाला पोचवायला वही मी त्याच्या हातात दिली, मेणकापडासकट. तीनदा परत मागून घेतली आणि तीनदा परत दिली. आपाला अजून कळवलेलं नाही. फोन उचलतो, ठेवतो. ती हजेरी घेतल्यासारखी "आलास?" म्हणेल, की काहीच म्हणणार नाही, ते कळत नाही.