झाकण वेगळं आहे

दिपिका नेमकं काय काम करते, हे रामवाडीत कुणालाच नीट सांगता येत नसे. सासू गिरजाबाई म्हणायच्या, "रोह्याला जाते, काचेत बघत बसते." नवरा नितेश म्हणायचा, "कॉम्प्युटरवर आहे." दिपिकाला कुणी विचारलं तर ती सगळं सांगायला बसायची, आणि विचारणारा दुसऱ्या वाक्याला चहाच्या कपाकडे वळायचा.

काम असं होतं. कारखान्यांना लागणारी मोठी भांडी घडवण्याआधी ती दाब सोसतील का, ते कॉम्प्युटरवर हिशोब करून बघतात. त्यासाठी भांड्याच्या चित्राचे हजारो लहान तुकडे करायचे. तुकड्यांची ती जाळी म्हणजे मेश. मेश पुण्याच्या एका ऑफिसात तयार व्हायची, हिशोब ठाण्याचा एक इंजिनिअर करायचा, आणि दोघांची सॉफ्टवेअरं एकमेकांची फाइल वाचत नसत. एक सॉफ्टवेअर तुकड्याचे कोपरे एका क्रमानं मोजी, दुसऱ्याला तोच क्रम उलटा हवा असे. क्रम चुकला की पायमोजा उलटावा तसा तुकडा आतून बाहेर होई आणि हिशोब बंद पडे. एका फाइलची दुसरी फाइल करण्याचं हे काम रोह्यात दिनानाथ साहेबांच्या ऑफिसात दिपिकाकडे होतं. त्याचा प्रोग्रॅमही तिनंच लिहिला होता.

या नोकरीला घरात एक अट होती. लग्न ठरताना गिरजाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "हाय ती नोकरी कर, मी नाय अडवत. पण ही सुटली का दुसरी शोधायची नाय. मग घरात बसायचं नि माझ्याबरोबर पापड लाटायचे." दिपिकाचे वडील कासूकडचे मिठागरवाले. ठरलेलं लग्न मोडायला नको म्हणून त्यांनी मान डोलावली होती.

शहाण्णव साली धाटावच्या एका कारखान्यासाठी मोठं भांडं घडवायचं होतं. त्याच्यावर झाकण बोल्टांनी आवळायचं. पुण्याहून भांड्याची मेश वेगवेगळ्या भागांत आली. जिथं भाग कापले होते तिथं कोपऱ्याचा एकेक बिंदू दोनदा आलेला, एकावर एक. तसंच ठेवलं असतं तर हिशोबात भांडं कापाच्या जागी उकललं असतं. म्हणून दिपिकानं प्रोग्रॅमला सांगितलं, एकमेकांना चिकटून असलेले सगळे बिंदू एक कर.

ठाण्याहून निकाल फारच चांगला आला. साहेबांनी पेढे मागवले. दिपिका पेढा हातात घेऊन निकालाबरोबर आलेलं चित्र बघत होती. दाबानं काठ किती वाकतो ते त्यात मुद्दाम फुगवून दाखवलं होतं. झाकण आणि भांड्याचा काठ एकदमच वाकले होते, एकाच ओतकामातून निघाल्यासारखे. बोल्टनं आवळलेलं झाकण असं वाकत नाही. ते काठावरून थोडं तरी उचललं जातं.

झाकणसुद्धा भांड्यावरच टेकलेलं होतं. त्याचेही बिंदू एकावर एकच होते.

तिनं पेढा खोक्यात परत ठेवला.

"साहेब, झाकण चिकटलंय."

"कुठं?"

"फाइलमध्ये. माझ्या प्रोग्रॅमनं झाकण नि भांडं एकच करून टाकलंय. चूक माझी हाय. रिपोर्ट परत मागवा."

"रिपोर्ट कालच धाटावला पोचला. पार्टी खूश आहे, ठाण्यानं सही केली आहे. तुम्ही कशाला उकरून काढताय?"

"त्या भांड्याशेजारी शिफ्टची माणसं उभी राहणार. झाकण सुटलं तर वाफ त्यांच्या तोंडावर येईल."

दिनानाथ साहेबांनी पेढ्यांचं खोकं बंद केलं. "एवढं असेल तर उद्यापासून येऊ नका. चूक तुमचीच म्हणताय ना? मग मला कारणही मिळालं."

घरी तिनं काही लपवलं नाही. गिरजाबाईंनी ऐकून घेतलं, उठल्या आणि माळ्यावरचा दुसरा पोळपाट खाली काढून धुवायला घेतला.

नितेश हळूच म्हणाला, "माफी माग ना. म्हणावं, चुकून बोलले."

"चुकून झालं ते जोडणं. बोलले ते मुद्दाम."

सकाळी गिरजाबाई पीठ मळून बसल्या होत्या. दिपिका पर्स अडकवून त्यांच्या पुढ्यातूनच निघाली.

"कुठं निघालीस गो?"

"रोह्याला."

ऑफिसात ती आपल्या खुर्चीत बसली आणि मशीन सुरू केलं. झाकणाचे तुकडे वेगळे काढले, भांड्याचे वेगळे, आणि प्रोग्रॅमला सांगितलं की जोडायचं ते आपापल्या घरात जोड, शेजारच्याला हात लावायचा नाही. साहेब आले. दारातच थबकले.

"तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं."

"काम अर्धं हाय."

साहेबांनी सरळ जाऊन मेन स्विच पाडला. स्क्रीन काळी झाली, डोक्यावरचा पंखा रेंगाळत थांबला.

"काळुरामकाका, तेवढी खिडकी उघडा," दिपिका म्हणाली.

म्हाताऱ्या शिपायानं, काळुरामनं, एकदा साहेबांकडे बघितलं आणि जाऊन खिडकी उघडली. दिपिका हातावर हात ठेवून बसली. साहेब केबिनमध्ये फाइलीनं वारा घेत होते. झेरॉक्सला आलेली माणसं परत जायला लागली. दुसऱ्या एका पार्टीचा फोन आला, आमचं ड्रॉइंग कधी निघतंय? साहेब घाम पुसत बाहेर आले, तिच्याकडे न बघता स्विच वर केला आणि परत आत गेले.

गेलेलं काम तिनं पहिल्यापासून केलं. ठाण्याला पोचवायची फ्लॉपी काळुरामकाकांच्या हातात दिली, केबिनमध्ये गेली आणि टेबलावरचा फोन ओढून ठाण्याचा नंबर फिरवला.

"माझ्या फोनवरून?" साहेब ओरडले.

"मग कुणाच्या? हां, सर, रोह्याहून दिपिका. आधीची फाइल चुकीची होती, चूक माझ्याकडून झाली. झाकण वेगळं आहे. नवी पाठवते, परत चालवा."

परत चालवल्यावर झाकणाचा काठ उचलला गेला. बोल्ट जाड घ्यावे लागले. पार्टी दिनानाथ साहेबांना फोनवर बरंच बोलली आणि शेवटी दुसरा रिपोर्ट मान्य केला. साहेबांनी दिपिकाशी बोलणं सोडलं. कामं काळुरामकाकांच्या हाती तिच्या टेबलावर यायची. "ये" असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि ती जायची थांबली नाही.

गिरजाबाईंनी बरेच दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी दारातच गाठलं.

"साहेबानं परत घेतलान तुला?"

"नाय."

"मग जातेस कशी?"

"जाते."

"नि एखाद दिवशी हाताला धरून बाहेर काढलान म्हंजे?"

"धरून बघू दे," दिपिका म्हणाली, आणि गाडी चुकेल म्हणून झपाझप पायऱ्या उतरली.