बाळ्याला आणखी एक मोसम

हरणाऱ्या माणसावर माझ्या साडूंइतकं जीव तोडून प्रेम करणारा दुसरा माणूस अख्ख्या कतारमध्ये सापडणार नाही. अट एवढीच की तो हरणारा ऑस्ट्रेलियात राहणारा असावा, विशीच्या आसपासचा असावा आणि साडूंच्या क्लबकडून खेळत असावा. बाकीच्या हरणाऱ्यांबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, त्यांच्या मनात तिळमात्र कणव नाही. पत्त्यांत मी हरलो की कुठलं पान किती मूर्खपणानं टाकलं हे सांगत ते मला खाली गाडीपर्यंत सोडायला येतात आणि मी काच वर केली तरी बाहेर उभे राहून बोलत असतात.

हे साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नाशिकचे, कित्येक वर्षांपासून इथल्या एका गॅस प्लांटवर इन्स्ट्रुमेंटेशनला. ते राहतात ओल्ड एअरपोर्टला, आम्ही बिन महमूदला, त्यामुळे शुक्रवार-शनिवारची सुट्टी त्यांच्यापासून लपवून ठेवणं मला आजवर जमलेलं नाही. ऑस्ट्रेलियाला ते जन्मात गेलेले नाहीत. नोकरीच्या सुरुवातीला त्यांचा साहेब तिकडचा होता. त्यानं यांना काम शिकवलं, आणि सुट्टीच्या दिवशी घरी बोलावून आपल्या देशातला फुटबॉल दाखवला. साहेब कायमचा परत निघाला तेव्हा त्यानं आपल्या क्लबचा लोकरी मफलर यांना देऊन टाकला. माणूस गेला, त्याचा पुढे फोन नाही की काही नाही, पण क्लब मात्र साडूंनी घरच्या देव्हाऱ्याच्या बरोबरीनं सांभाळला.

आता लोकरीचा मफलर दोह्यात घालायचा कधी? तर मॅचच्या वेळी. त्यासाठी साडू एसी सोळावर आणतात. बाहेर पहाटेच सदरा अंगाला चिकटेल असा उकाडा, आणि आत ताई, म्हणजे माझी मेव्हणी, शाल पांघरून पोहे परतते आहे. ऑस्ट्रेलियातली दुपार म्हणजे आपली पहाट, त्यामुळे शनिवारी दूधवालाही उठला नसेल अशा वेळी यांचा फोन येतो, "साडूभाऊ, यल्ला, चला! टॉस झाला." एकदा मी झोपेत म्हणालो, "आज नको." तर म्हणाले, "पोरं तिकडं चिखलात पडतायत आणि तुम्हाला गादी सुटत नाही?" मी उठून गेलो. तिथे गेल्यावर पोरं खरोखरच चिखलात पडत होती.

हा खेळ मला समजला तेवढा सांगतो. चेंडू लांबट, मैदानही लांबट, आणि अंगावर बाह्या नसलेले छत्तीस धिप्पाड गडी एकमेकांच्या खांद्यांवर गुडघे रोवून झेल घेतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण, आणि नेम चुकून तो बाजूच्या खांबांतून गेला तरी एक गुण! साडू या एका गुणावर लट्टू आहेत. "अहो, चुकलेल्याला गुण देणारा खेळ दाखवा दुसरा!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला बजावतात. मधे सगळं जग फुटबॉल बघायला दोह्यात लोटलं होतं. लोक तिकिटासाठी जीव टाकत होते. यांना कंपनीकडून फुकट तिकीट मिळालं. मॅच बघून आले आणि म्हणाले, "ठीक आहे. पण हात असून चेंडूला लावत नाहीत, हे काही पटत नाही बुवा." एकदा समैस्माच्या किनाऱ्यावर त्यांनी मला तो लांबट चेंडू लाथाडायला शिकवला. मी लाथ मारली समुद्राकडे आणि चेंडू गेला शेजारी सहलीला आलेल्या एका कुटुंबाच्या बिर्याणीत. साडूंनी त्यांची हात जोडून माफी मागितली, आणि परत येताना मला म्हणाले, "दिशा चुकली, पण पाय चांगला वळला."

तर असा हा क्लब, आणि तो सतत तळाला. जुने चांगले खेळाडू सोडून गेले आणि राहिली ती नवी, कोवळी पोरं. त्यांची नावं साडूंच्या जिभेला वळत नाहीत म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं केलं आहे. एकोणिसाव्या वर्षी टक्कल पडलेला तो नाना. उंच आणि जागचा न हलणारा तो खांब. आणि सर्वांत लाडका तो बाळ्या. बाळ्या सव्वासहा फूट उंच, लाल केसांचा, मानेवर गोंदवलेला. सोपे झेल सोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. बाळ्याच्या हातून चेंडू निसटला की मैदानातले हजारो लोक हाय हाय करायचे आणि इकडे ओल्ड एअरपोर्टला साडू पाय हापटत ओरडायचे, "असू दे! असू दे रे! पुढचा घे!" पोरांबद्दल त्यांचा एक सिद्धान्तच होता. पहिलं वर्ष घरच्या आठवणीत जातं. दुसऱ्या वर्षी खांदे भरतात. तिसऱ्या वर्षी डोकं ताळ्यावर येतं. त्याच्या आधी पोराला काढणं म्हणजे पाप. एकदा कोचनं बाळ्याला राखीव संघात टाकलं तेव्हा यांनी क्लबला ईमेल पाठवली. मजकूर मला वाचून दाखवला होता. इंग्रजी होता, पण थाट सगळा आपल्या तहसील कचेरीचा, की सदर खेळाडूच्या वयाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन त्यास आणखी एक मोसम मिळावा ही नम्र विनंती. क्लबकडून उत्तर आलं, लहान मुलांसाठी सभासदत्वात सवलत आहे. साडू म्हणाले, "दखल घेतली त्यांनी."

हाच माणूस प्लांटवर मात्र वाघ. तिथे कुणाच्या हातून कामात चूक झाली तर ते त्याला उभा-आडवा झापतात, आणि गॅसचा कारखाना म्हटल्यावर त्यात गैरही काही नाही. घरातही तसेच कडक. त्यांची एकुलती एक मुलगी सई. दोह्यातच वाढली, त्यामुळे तुम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं हा लहानपणापासूनचा रिवाज. बारावीनंतर ती पुण्याला आर्किटेक्चरला गेली. साडू तिच्याशी फोनवर काय बोलणार? या मुलखातल्या बहुतेक बापांना मुलीशी फोनवर बोलायला विषय नसतो, मलाही नाही. पण साडूंनी तोडगा काढला. आम्ही सगळ्यांनी व्हॉट्सॅपवर त्यांचा आवाज बंद करून ठेवला होता, म्हणून दर शनिवारी मॅच संपली की ते आपला अहवाल सईला पाठवू लागले. "आज बाळ्याने दोन झेल सोडले. पण मान खाली घातली नाही. हे महत्त्वाचं. जेवलीस का?" किंवा, "लोक काहीही बोलोत. पोरगं मेहनती आहे. वेळ लागतो. पाऊस आहे का तिकडे?" सई उत्तरादाखल अंगठा पाठवायची. कधीकधी हृदयही पाठवायची, ते साडू आम्हाला दाखवायचे. "तिला खेळात गोडी लागली," म्हणायचे.

दोन वर्षांनी सई उन्हाळ्याच्या सुट्टीला आली. त्या शुक्रवारी मंडळी आमच्याकडे जेवायला होती, कारण मॅच आपल्या दुपारची आणि आमचा टीव्ही मोठा. ताटं आवरून झाली होती. सामना अगदी अटीतटीचा, आणि शेवटच्या मिनिटाला, नको तेव्हा नेमका, चेंडू बाळ्याकडे आला. समोर गोलचे मधले दोन खांब, मधे चिटपाखरू नाही. बाळ्यानं नेम धरला आणि बाजूला मारला. क्लब हरला. मी कपाळाला हात लावला. साडू मात्र उभे राहून टीव्हीला म्हणाले, "काही हरकत नाही बाळा! पुढच्या वर्षी होईल. आणखी एक मोसम द्या हो त्याला!"

त्याच क्षणी सई म्हणाली, "पप्पा, माझं इयर डाऊन झालंय."

मराठीत म्हणाली, म्हणून आम्ही सगळेच वळून बघायला लागलो. साडूंनी टीव्ही बंद केला. मॅचनंतरची चर्चा न बघता त्यांनी टीव्ही बंद केल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मला दुसरं वर्ष परत करायचंय," ती म्हणाली.

"काही गरज नाही," साडू म्हणाले. "खलास. सामान मागवून घे, इथंच काहीतरी कोर्स कर. ज्याला जमत नाही त्यानं दुसऱ्याची जागा अडवू नये."

"अहो, असं काय बोलता!" ताई म्हणाली. पण सईनं आईकडे बघितलंच नाही. तिनं फोन उघडला आणि यांचेच मेसेज यांना वाचून दाखवायला सुरुवात केली. मान खाली घातली नाही, हे महत्त्वाचं. वेळ लागतो. लोक काहीही बोलोत. एकापाठोपाठ एक वाचत राहिली. आमची ही पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात गेली.

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय," सई म्हणाली. "पहिल्या सेमिस्टरपासून माझे विषय राहत होते, पप्पा. मला वाटलं कॉलेजमधून काहीतरी समजलं असेल, आणि तुम्हाला सरळ बोलता येत नाही म्हणून बाळ्याच्या नावानं मला लिहिताय. मी रात्री हे वाचायचे. म्हणून तर आज सांगायची हिंमत झाली."

"अगं," साडू म्हणाले, "ते बाळ्याबद्दल होतं."

माणसानं प्रामाणिक असावं, पण इतकं? मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. सईनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. साडू उठले आणि चपला घालून बाहेर पडले.

थोड्या वेळानं मी खाली गेलो. भर दुपारच्या उन्हात ते गाडीत एसी लावून बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"मी खरंच बाळ्याबद्दल लिहीत होतो हो," ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "ती तिकडं नापास होत होती आणि मला पत्ता नाही. मी विचारत काय होतो, तर जेवलीस का."

"ते तर तुम्ही तिलाच विचारत होतात ना?"

"हो. ते तिलाच."

"मग झालं तर. बाकीचंही तिनं स्वतःसाठीच वाचलं. दोन वर्षं वाचलं. आता ते परत घेता येणार नाही, साडूभाऊ."

ते एकदम म्हणाले, "बाळ्याचा बाप कधी त्याच्यावर असा ओरडला असेल का?" मला काय ठाऊक? मी म्हणालो, "ओरडला असेल. पण दुसऱ्या दिवशी सरावाला सोडायलाही गेला असेल." हे मी उगाच ठोकून दिलं होतं, पण साडूंनी गाडी बंद केली.

वर आल्यावर ते सईसमोर बसले. माफीबिफी मागणं त्यांच्या रक्तात नाही. घसा खाकरून म्हणाले, "नक्की काय जमत नाही ते सांग. सगळं सांग. मला ड्रॉइंग वाचता येतं." सईनं लॅपटॉप आणला. मग ती सांगत बसली आणि ते ऐकत बसले. आणि ऐकता ऐकता बाहेर अंधार पडला तरी साडूंनी एकदाही मधे तोंड घातलं नाही, हे आमच्या दोन्ही घरांच्या इतिहासात प्रथमच घडलं. जाताना त्यांनी सईच्या परतीच्या तिकिटाचं बघायला मला सांगितलं, आणि दारात ताईनं मला हळूच म्हटलं, "तुम्ही काय जादू केलीत?" मी काही केलं नव्हतं. मी आपलं गाडीपर्यंत जाताना उन्हात थोबाड भाजून घेतलं होतं.

त्या मोसमाच्या अखेरीला क्लबनं बाळ्याला सोडून दिलं. साडूंनी बातमी वाचली आणि या खेपेला ईमेल केली नाही. बाळ्या आता आपल्या गावच्या क्लबात खेळतो म्हणे. सईनं दुसरं वर्ष पुन्हा केलं, तिसऱ्यात गेली, तिथे परत एक विषय राहिला. ती आर्किटेक्ट होईल की नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही. पण आता विषय राहिला की ती रडत का होईना, फोन वडिलांनाच करते. साडूंचे शनिवारचे अहवालही बंद झालेत. ते फोन करतात आणि बराच वेळ नुसते हं, हं करत असतात.

मॅच आम्ही अजूनही बघतो. परवाच्या शनिवारी एका नव्या पोराच्या हातून अगदी सोपा झेल सुटला. अठरा वर्षांचा असेल नसेल, दाढीही धड फुटलेली नव्हती. सगळं मैदान त्याच्यावर ओरडायला लागलं. मी साडूंच्या सिद्धान्ताची वाट बघत बसलो. पण ते म्हणाले, "या पोराचे आईवडील आले असतील का हो बघायला?"

"असतील की," मी म्हणालो. "पहिलीच मॅच आहे त्याची."

कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरत होता. साडू खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

"त्यांच्याकडे नका नेऊ रे कॅमेरा," ते म्हणाले.